गरम गोळी, थंडा डबा

कोणताच मुलगा पाहून मला काही होत नव्हतं, ही त्या वर्षी आमच्या घरातली मोठी अडचण होती. पाहुणे पोहे खाऊन जायचे, आई आशेने माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "काही झालं नाही." बाबा वैतागायचे. "काही म्हणजे काय व्हायले पायजे?"

काय व्हायला पाहिजे ते मला पक्कं ठाऊक होतं. खरा माणूस समोर आला की छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. तिला तसं झालं होतं आणि ती सुखात होती. मी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. लक्षणं ठरलेली असली की मला बरं वाटतं. लक्षण दिसलं तर हो, नाही दिसलं तर नाही, इतका सोपा हिशेब मी लग्नालाही लावला होता.

मे महिन्यात एक स्थळ आलं. मूळ उमरेडचं विणकर घराणं, मुलगा काकांसोबत गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान सांभाळणारा. नेमकी त्याच आठवड्यात मला लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी अँटीबायोटिक लिहून दिलं आणि बजावलं, की गोळीच्या आगेमागे दूध, दही, ताक नको, पाणी मात्र भरपूर प्यायचं.

पाहुण्यांची तयारी करायला पारशिवनीहून आत्या आलेली होती. तिने माझी गोळी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"हे औषध भल्लं गरम पडते वं. आन या उन्हात तू कोरडी गोळी गिळून राहिली? ताक नाही, दही नाही, मंग गरमी जाईन कशी?"

आमच्याकडे प्रत्येक गोष्ट एक तर गरम असते, नाही तर थंड. गरमावर थंड दिलंच पाहिजे. आत्याने फ्रिज उघडला तर दारात माझ्या भावाने व्यायामशाळेसाठी आणलेले एनर्जी ड्रिंकचे डबे होते. याने ताकद येते, असं भावाने सांगितलं. आत्याला आणखी काय पाहिजे होतं? थंडही आणि ताकदीचंही. त्या दिवसापासून प्रत्येक गोळीमागे एक डबा सुरू झाला. मला त्याची चव आवडायची, त्यामुळे मीही तक्रार केली नाही.

पाहुणे आले त्या दिवशी तर अशक्त दिसू नये म्हणून आत्याने वरून एक जास्तीचा डबा पाजला. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलगा आमच्या सोफ्याचं कव्हर दोन बोटांत धरून बघत होता. सुती आहे की नाही याची खात्री करत असावा. त्याने मान वर केली आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली. एवढी, की कूलरच्या घरघरीतही मला ती ऐकू येत होती. हात थरथरायला लागले. कपबशी वाजत वाजत त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा अर्धा चहा बशीत होता. त्याने शांतपणे बशी उचलली, ओठांना लावली आणि म्हणाला, "मले बशीतलाच आवडते."

त्यानंतर माझं तोंड जे सुटलं ते थांबेना. त्याच्या आईला मी कूलरच्या जाळीत भरायला कोणतं खस चांगलं, ते कधी बदलावं, पाण्याचा वास का येतो, हे सगळं न विचारता सांगितलं. त्या माउलीने पोह्यांची प्लेट हातात धरून सगळं ऐकून घेतलं. पाहुणे फाटकाबाहेर पडले असतील-नसतील, मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, "झालं! हाच!" उतावळ्या नवऱ्यावर आपल्याकडे म्हण आहे, उतावळ्या नवरीवर नाही. मला पाहून कोणी केली असती तर माझी हरकत नव्हती.

तिकडूनही होकार आला. आईने साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मुहूर्त काढायला घेतला. मला झोप येईना, जेवण जाईना, आणि मी हवेत होते. आत्या कौतुकाने म्हणाली, "असंच असते वं. माया लग्नाच्या वक्तालेही मले घास गिळत नव्हता." आणि तिने डबा पुढे केला.

शंका आली ती ऑफिसात. मी आमच्या साहेबांसमोर बसले होते, आणि छातीत तीच धडधड, हातांना तीच थरथर. आमचे साहेब मनाने चांगले आहेत, पण प्रेमात पडण्यासारखं प्रकरण नाही. त्याआधी मला असंच लिफ्टमध्ये झालं होतं, आणि लिफ्टमध्ये तर कोणीच नव्हतं. मी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

त्यांनी नाडी पाहिली, काय काय खातेस-पितेस विचारलं, आणि डब्यांचं ऐकून चष्मा काढला. त्या म्हणाल्या, डब्यात कॅफिन असतं. एरवी शरीर ते काढून टाकतं, पण या जातीची अँटीबायोटिकं त्या कामात आडवी येतात. एका डब्यातलं उतरायच्या आत दुसऱ्यातलं वर चढतं. "गोळ्या पूर्ण कर. डबे आजपासून बंद."

मी सुन्न होऊन घरी आले. डबे बंद केले. हळूहळू धडधड थांबली आणि छातीत अगदी सामसूम झाली. मी त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. काही नाही. मी फार घाबरले. एका माणसाला, त्याच्या आईला, सगळ्या घराला मी डब्याच्या जोरावर हो म्हटलं होतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आता नाही म्हणशीन तर मी तोंड कुठं लपवू?" मी म्हटलं, एकदा भेटू दे, मग काय ते सांगते.

दुकान उघडायच्या आधी, सकाळी, सेमिनरी हिल्सवरच्या बागेत आम्ही भेटलो. बाकावर बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं. गोळी, डबे, आत्या, धडधड, सगळं.

"म्हणजे ते मायासाठी नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मले वाटलंच होतं. माया आईशी बोलतानाही तुमी तितक्याच थरथरून राहिल्या होत्या." तो हसला. "आन आता?"

मी मनगटावर बोट ठेवून पाहिलं. "आता काहीच नाही."

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही, उठलाही नाही. त्याच्या आजोबांच्या हातमागाबद्दल सांगायला लागला. धागा तुटला की आजोबा माग थांबवत, तुटलेली टोकं शोधत, जोडत, मगच पुढे विणत. त्यांना कोणी घाई केलेली चालत नसे. त्याचा आवाज सपाट होता, ऐकायला बरा वाटणारा. झाडात कुठे तरी तांबट पक्षी टुकटुक करत होता. कित्येक रात्री जागलेलं माझं शरीर सैल पडत गेलं, आणि बोलणं ऐकता ऐकता मला झोप लागली. डुलकी नव्हे. गाढ.

डोळे उघडले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बाकावर सावली नव्हती, पण माझ्या तोंडावर होती. तो माझ्यासमोर उन्हाकडे पाठ करून उभा होता. शर्ट घामाने भिजला होता, कान लाल झाले होते, आणि आवाज बंद केलेला फोन खिशात थरथरत होता.

परक्या माणसाजवळ मी आयुष्यात कधी डोळा मिटला नव्हता. प्रवासातही नाही. मला एकदम इतका आनंद झाला, की हसू आवरेना.

"दुकान?" मी विचारलं.

"उघडतीन काका. तुमी झोपा अजून."

मी पुन्हा डोळे मिटले.