प्रमुख पाहुणे येईपर्यंत

आमच्या नंदनवन वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने हृदयरोग जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला होता. आमचे हे मंडळाचे सचिव. म्हणजे सतरंजीपासून शाल-श्रीफळापर्यंत सगळं यांच्याच डोक्यावर, बाकीचे फोटोपुरते.

सकाळी आंघोळ करून आले तेव्हाच म्हणाले, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, डावा हात जड झालाय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तर म्हणे, पाहुण्यांचा सत्कार सचिवाच्या हातून ठरलाय, तेवढा झाला की जाऊ.

मंडपात पाहुण्यांचा पत्ता नाही. मोठे हृदयरोगतज्ज्ञ ते, उशिरा यायचा त्यांना हक्कच! हे दाराशी पुष्पगुच्छ धरून उभे, सदरा घामानं चिंब. मी मंडळातल्या एकेकाला गाठून सांगितलं, अहो, यांच्या छातीत दुखतंय. पण आपल्याकडे छातीत दुखलं की तो गॅसच असतो. एकाने ओवा चघळायला दिला, दुसऱ्याने सोडा आणला, तिसरा हसत म्हणाला, काल सावजीचं तिखटजाळ मटण हाणलं असेल. आणि यांच्या मागेच भलामोठा फलक लावलेला, छातीत दुखल्यास वेळ दवडू नका. जळली ती जागृती.

मी दंड धरून ओढलं तेव्हा माझ्यावरच चिडले. "पाहुणे येऊन राहिले वं. आता गेलो तर मंडळाची इज्जत जाईल."

पाहुणे आले. यांनी शाल घातली, नारळ द्यायला वाकले ते तिथेच कोसळले. त्या डॉक्टरांनीच छाती दाबली, स्वतःच्या गाडीतून नेलं. दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, त्रास सुरू झाला तेव्हाच आणायला पाहिजे होतं. मला सांगत होते. मला!

तेरवीनंतर मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्ष फार छान बोलले. काळाने अचानक घाला घातला म्हणे, कोणाला काही कळायच्या आत गेले म्हणे. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी बसल्या जागेवरून उठले.

"अचानक काहून म्हणता, भाऊ? सकाळपासून दुखून राहिलं होतं त्यायले. मी तुम्हाले सांगतलं होतं, सगळ्यायले सांगतलं होतं."

कोणी माझ्याकडे बघेना. अध्यक्षांनी माइक जवळ ओढला आणि सगळ्यांना मौन पाळायला सांगितलं. सगळे पटकन उभे राहिले.