कात्री न लागलेली बंडी

ठकूबाईवर अन्याय झाला तो संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, सांगलीच्या आमच्या खादी शिबिराच्या दारात. झेंडा वर चढत होता. आत प्रार्थनेचे शेवटचे कडवे चालू होते. दारावरच्या स्वयंसेवकाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, वहीतल्या ‘पोशाख’ या रकान्यावर बोट ठेवले आणि सांगितले, “बाई, अंगावर खादी असेल तरच आत. नियम आहे.” ती वाद घालत बसली नाही. खाली ठेवलेले गाठोडे पुन्हा डोक्यावर घेतले आणि आली तशी गेली.

तो स्वयंसेवक म्हणजे मी.

वाईकर मंडळींनो, तुम्ही मला ओळखता. घाटावर पत्रके वाटणारा, कापडाच्या काळ्या बाजारावर गळा सुकेपर्यंत बोलणारा. दुसऱ्याने केलेला अन्याय मला कोसावरून दिसतो. हा माझ्या हातून झाला आणि दुपारपर्यंत मला दिसला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शिबिरातून एक बाई कताई शिकवायला निवडायची होती. निवड झालेलीला सांगलीच्या कताई केंद्रात राहायला खोली मिळणार होती. दुपारी टपालाचा गठ्ठा सोडला तेव्हा त्यात माण तालुक्यातल्या एका वाडीच्या मास्तरांची चिठ्ठी निघाली. ती शनिवारीच आली होती आणि मी उघडली नव्हती. लिहिले होते: ‘ठकूबाई धनगराची सून आहे, सहा वर्षांची असल्यापासून लोकर कातते. तिची मुलगी चौथी झाली, आमच्याकडे पुढचा वर्ग नाही. सांगलीत खोली मिळाली तर मुलगी शिकेल. बाईंच्या अंगावर जी काळी बंडी दिसेल ती त्यांनीच कातलेल्या सुताची आहे.’

मी माझ्या सदऱ्याची बाही पाहिली. पांढरीशुभ्र खादी, भांडारातून घेतलेली. ती कोणी कातली, मला ठाऊक नव्हते. आणि जिने स्वतःच्या हाताने कातलेले घातले होते तिला मी हातकताईच्या नावाखाली हाकलले होते.

शिबिरप्रमुखांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला. “चूक तुझी, निस्तर तूच. शनिवारी सकाळी यादी बंद होईल.”

मंगळवारी पहाटेच्या गाडीने निघालो. रहिमतपूरला उतरून औंधची मोटार धरली. लढाई संपली तरी पेट्रोल अजून धड मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली असते. चढ आला की क्लीनर उतरून भट्टी ढवळतो आणि उतारू उतरून मोटार ढकलतात. ढकलताना एक ठिणगी माझ्या बाहीवर बसली आणि रुपयाएवढे भोक पडले. मी चडफडलो. शेजारी ढकलणारा गडी हसला.

त्या गड्याला मी तासभर पाहत होतो. पलटणीतून नुकताच सुटून आलेला. अंगात खाकी लष्करी कोट, खाली धोतर, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि डोक्याला लालभडक पटका.

“कोट सरकारी दिसतो,” मी म्हणालो. माझ्या बोलण्यात टोचणी होती, नाकारत नाही.

“व्हय, सरकारी. लय ऊब हाय त्येला. सोडायचा व्हय?”

“आणि पटका?”

“पटका बापाचा. पलटणीत टोपी दिली हुती. गावच्या शिवंला आलो, काढली.” त्याने पटक्याचा शेमला मागे टाकला. “अंग कुनाकडं बी चाकरी करंल गड्या, डोस्कं आपलं आपल्यापाशी.”

साम्राज्यशाहीच्या वस्त्रावर मी दोन पानी पत्रक लिहिले आहे. त्यात हे एक वाक्य बसले असते तर बाकीचे दीड पान वाचले असते.

औंधला पोचलो तेव्हा डोंगरावरच्या यमाईच्या देवळावर उन्हे कलली होती. पायथ्याशी एका दुकानात गुळाचा चहा घेतला. बाजारचा दिवस होता. सांगलीच्या शिबिरात सगळ्या बायका पांढऱ्या, सगळे पुरुष पांढरे. लांबून पाहिले तर वाळत घातलेली धुणी वाटावी. इथे दोन बायकांचे लुगडे एका तऱ्हेने नेसलेले नव्हते. उसाच्या रानातून आलेलीने ओचा गुडघ्यापर्यंत खोचलेला, ओझे वाहणारीने पदर कमरेला आवळलेला, आणि एका म्हातारीने निळ्या चोळीला पिवळ्या खणाची बाही लावलेली. रेशनवर खण पुरला नाही म्हणून असेल. पण ती बाही मिरवत चालली होती.

मुक्काम करून सकाळी पुढे निघालो. शेवटचे चार कोस पायीच. माण म्हणजे उघडा माळ, दगड, बाभळी आणि वारा. बाभळीच्या काट्याने माझा पायजमा गुडघ्याखाली उभा फाडला. बगलेतला पत्रकांचा गठ्ठा सांभाळायला एक हात अडकलेला, म्हणून काटा सोडवतानाही दुसऱ्या एकाच हाताने झटापट. वाडीत शिरलो तेव्हा बाहीला भोक, पायजम्याला चीर. कुत्र्यांनी माझी नीट चौकशी केली.

ठकूबाई विहिरीकडून येत होती. डोक्यावर घागर, दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांत टकळी फिरत होती. बाई चालत होती, पाणी हिंदकळत नव्हते आणि धागा तुटत नव्हता. अंगात तीच बंडी. मेंढराच्या काळ्या लोकरीची, कडेला मूळच्याच करड्या रंगाची रेघ, आणि पुढे दोन मोठे खिसे.

तिने मला ओळखले. “आवं, तुमी दारावरलं न्हवं का?”

“होय. चूक झाली. माफी मागायला आलोय, आणि तुम्हाला परत न्यायला.”

“एवढ्या लांब? आन् ही दशा कुनी केली?” तिने माझा पायजमा पाहिला. “बसा आदी. माफी पोटाला लागत न्हाई.”

ओसरीवर तिने मला माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि बाजरीची भाकरी वाढली. वर लसणाचा ठेचा. माडग्याची पहिली वाटी भुकेने प्यालो, दुसरी चवीने. मालक मेंढरे घेऊन चाऱ्याच्या मुलखात गेले होते. घरी सासू होती. ती दारातूनच म्हणाली, “खिसं लावून हिंडती, बापईगत (पुरुषासारखी). म्या म्हनलं हुतंच, दारातनं हाकलतील.”

“हाकललं का न्हाई, आत्ती? आता घ्याया आल्यात,” ठकूबाई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली.

मी बंडीबद्दल विचारले. तिने ती काढून माझ्या मांडीवर ठेवली. ही कोकराच्या जावळाची लोकर (पहिल्या कातरणीची), म्हणून ती टोचत नाही. घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने कापड ताठ राहते आणि पाणी लवकर आत शिरत नाही. पण बंडीची खळ तिने पातळ ठेवली होती, हात वळले पाहिजेत म्हणून. मी शिवण शोधू लागलो. गळ्यापाशी, बगलेत, खिशाच्या तोंडाशी. सगळीकडे विणीची शाबूत किनार. कापलेली कड कुठेच नव्हती.

“कात्री कुठे लावली?”

“घोंगड्याला कात्री लावत न्हाईत आमच्यात. देवाला अंथरतो न्हवं आमी ते.” सासूच्या दिशेने तिने मान हलवली. “बंडी शिवते म्हनलं तर आत्तीनं तीन दिस अबोला धरला. मग म्या इचार केला. कापायचं न्हाई ना? मग मापाचंच विणायचं. पाठीची पट्टी न्यारी, बाहीची न्यारी, खिशाची न्यारी. सनगराला (घोंगडी विणणाऱ्याला) सुतळीनं माप करून दिलं. त्यो म्हनला, येडी का काय तू. म्हनलं, व्हय, विण.”

“आणि खिसे?”

“हातात टकळी, काखंत पेळू (पिंजलेल्या लोकरीची वळी), वर घागर. ठिवायचं कुठं? आमच्यात बायका खिसं लावत न्हाईत, पर लोकर तर बायकाच कातत्यात. म्हनून लावलं.”

मी पत्रकांचा गठ्ठा एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतला. तिचे तिकडे लक्ष होते. तिने माझ्या टोपीपासून पायजम्यापर्यंत पाहिले. मी तिला दारात पाहिले होते तसे नव्हे, शिंपी पाहतो तसे.

“आन् तुमच्या अंगावरलं तुमचं काय हो?”

मी तोंड उघडले. देशाचे, चळवळीचे, स्वदेशीचे, असे बरेच काही तोंडावर आले. पण तिने विचारले होते ते ‘तुमचं’. टोपी सगळे घालतात म्हणून. सदऱ्याची लांबी आमच्या पुढाऱ्याच्या सदऱ्याएवढी. आणि दिवसभर कागद वाहणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला कागद मावेल असा खिसा नाही. मी उघडलेले तोंड भाकरीच्या घासाने बंद केले. माझ्या ओळखीचे लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत.

“याल ना सांगलीला?” शेवटी मी विचारले.

“पांढरं नेसायला लावाल?”

“मी नाही लावणार.”

“तुमी न्हाई. तुमचं काका?”

खोटे बोलणे सोपे होते. “सांगता येत नाही,” मी म्हणालो.

तिने बंडी अंगात घातली. “मग जाऊन बघू. पोरीचं नशीब बघायला एकदा हाकलून घेतलं, आनी एकदा घिऊ.” निघताना तिने गाठोड्यातून करड्या लोकरीची वीतभर पट्टी काढून मला दिली. “खिशापुरती हाय. शिवायची मातर तुमीच.”

शुक्रवारी दुपारी सांगलीत पोचलो. दारावर दुसरा स्वयंसेवक होता. तो तोंड उघडण्याआधी मी तिच्या शेजारी उभा राहिलो, फाटक्या पायजम्यासकट.

काकांनी ठकूबाईला टकळी चालवायला सांगितली. ती मांडवातून चालत गेली आणि चालत आली. धागा बारीक, एकसारखा. सूत पाहून काकांनी बंडी पाहिली. त्यांनीही शिवण शोधली, त्यांनाही कापलेली कड सापडली नाही. कात्रीची हकिगत ऐकून ते हरखून गेले. आमचे काका मनाने मोठे. पण चळवळीतला माणूस हरखला की आधी ठराव करतो. ते उभे राहिले.

“भगिनींनो, याला म्हणतात स्वावलंबन. पुढच्या महिन्यापासून शिबिरातल्या प्रत्येक बाईला अशीच बंडी. हाच आपला गणवेश.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सोमवारी जी बंडी दारात चालत नव्हती ती शुक्रवारी सक्तीची झाली, आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही.

“न्हाई,” ठकूबाई म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

“ही माझ्या मापाची हाय. माझ्या कामाची. त्यास्नी कशाला?” तिने पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारले. ही कुसुम, आमच्या दवाखान्याचे काम पाहते. “तू दिसभर काय धरतीस गं हातात?”

“औषधाच्या बाटल्या,” कुसुम म्हणाली. “आणि कात्री, पट्ट्या.”

“मग तुला टकळीचा खिसा काय कामाचा? तुला बारकं बारकं चार पायजेत. आन् लोकर नको, दवा सांडली की वास ऱ्हाईल. तुझं तू सुती कर.” मग काकांकडे वळून, “कातायला म्या शिकवीन. हिचं अंग हिला काय मागतंय ते हिला इचारायला बी शिकवीन. सगळ्यास्नी एकच घालायचं आसंल तर मला यायचं न्हाई. पोरीला बी मंग तिकडंच ठिवीन.”

मला त्या खोलीची आठवण झाली, चौथी झालेल्या मुलीची झाली. एवढे पणाला लावून ही बाई एका बंडीसाठी अडून बसली होती. माझ्या मनात आले, हो म्हण बाई, काय बिघडते? आणि लगेच लाज वाटली. सगळ्यांसारखे घाल, हेच तर सोमवारी दारात मी तिला म्हणालो होतो.

काकांनी बंडीची किनार पुन्हा एकदा बोटांत धरून पाहिली. मग त्यांनी वही मागवली. तिचे नाव स्वतः लिहिले. काम: कताई. आणि ‘पोशाख’ या रकान्यात, जिथे वरपासून खालपर्यंत ‘खादी, खादी’ एवढेच होते, तिथे लिहिले: ‘स्वतःचा’. कुसुम उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघी बाटलीची मापे घेऊ लागल्या.

परतताना साताऱ्यात उतरलो. एका शिंप्याच्या दुकानात सुई-दोरा मागितला. दुकानात खाकी बुशकोटांची रांग टांगलेली. शिंपी म्हणाला, “पलटणीतली माणसं आली, आता ज्याला त्याला बुशकोट पाहिजे. जो पलटणीत गेला नाही त्याला तर आधी. पुढल्या साली दुसरं काही निघेल. मी छाती मोजतो, गळा मोजतो. तू दिवसभर काय करतोस, हे कोणाला विचारलेलं मला आठवत नाही.” मी त्याला माझे काम सांगितले. त्याने खिसा कुठे लावायचा ते खडूने आखून दिले. छातीवर नव्हे, डाव्या कुशीवर. पत्रक उजव्या हाताने पटकन निघते.

वाईच्या मोटारीत बसून मी तो खिसा शिवला. टाके वाकडे आहेत. पांढऱ्या सदऱ्यावर करडी लोकर, चिंचोक्याचा मंद वास. घरी आईने पाहिले. “हे ठिगळ कसलं रे?” म्हणाली. मग तिने आत हात घालून पाहिला, आणि माझे दोन टाके उसवून नीट घातले. अंगावर मी अजूनही खादीच घालतो. पण आता तिच्यात एक वीत माझी आहे.

येत्या अमावास्येनंतरच्या रविवारी घाटावर सभा आहे. दारावर पुन्हा मीच असेन. वहीत ‘पोशाख’ हा रकाना आहे, पण तो मी भरणार नाही; तुम्ही भरायचा. तेव्हा आज घरी जा आणि ट्रंक उघडा. लोक हसले म्हणून तळाशी घडी घालून ठेवलेले तुमचे जे आहे ते बाहेर काढा, रविवारी ते घालून या, आणि कोणत्याही दारात कोणाला कपड्यावरून अडवलेले दिसले, मग अडवणारा मी असलो तरी, त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा.