बेटम्याची बस

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम आईकडे होतं. माझ्याकडे फक्त शेवटचं ‘आमेन’ होतं, आणि तेही मी बऱ्याचदा घाईने उरकायची.

तेव्हा इंदूर ‘मध्य भारत’ नावाच्या राज्यात होतं. उन्हाळा आला की राज्याची राजधानी काही महिने आमच्या गावी यायची आणि आम्ही उगाचच ऐटीत चालायचो. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, आणि गिरणीजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. रोज संध्याकाळी कंदील लावला की घरची उपासना व्हायची. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग प्रार्थना. रीत अशी की प्रार्थना पाळीपाळीने करायची, आणि पाठ केलेली नाही, आपल्या शब्दांत. माझी पाळी आली की एकतर माझा घसा बसलेला असायचा, नाहीतर वह्या तपासायच्या राहिलेल्या असायच्या.

तसं चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मला बक्षिसं मिळाली होती. वचनं घडाघडा म्हणायची, चर्चमध्ये गाताना आवाज सगळ्यांच्या वर. मी भक्तिमान मुलगी आहे याविषयी मंडळीत कोणाला शंका नव्हती. खरं म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आपल्या तोंडाने देवाला दोन वाक्यं बोलायची म्हटली की मला घाम फुटायचा, लाज वाटायची, आणि त्या लाजेचा राग मी आईवर काढायची.

“आई, देवाला आपलं घर ठाऊक आहे,” मी एकदा म्हणाले. “रेशनच्या रांगेत एकजण उभा राहिला की घरभराचं धान्य येतंच ना?”

आई हसली नाही. “मी तुझ्यासाठी जन्मभर प्रार्थना करीन, बेटा. पण तुझ्याऐवजी नाही करता येत.”

मी वह्या ओढून घेतल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आईचं हृदय थकलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या आणि जाताना दाराशी मला हळूच म्हणाल्या, आता फार दिवस धरू नका. आई नर्स होती, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावलं.

“आज तुझी पाळी,” ती म्हणाली. “कर प्रार्थना.”

मी म्हणाले, “थांब, चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन येते.”

“त्यांची पुष्कळ ऐकली. तुझी ऐकायची आहे.” तिने माझा पदर धरला होता. बोटांत जोर राहिला नव्हता, मला तो सहज सोडवता आला.

शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवलं. त्या गिरणीतल्या एका कारकुनाच्या पत्नी, आमची गीतं रोज भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या. मी उन्हात धावत पाळकांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, साहेब सकाळीच बाहेरगावी, बेटम्याला गेलेत, दुपारच्या बसने येतील.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. मी ओसरीवरच्या बाकावर बसले. बस कधी यायची याचा भरवसा नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. पण रिकाम्या हाताने घरी गेले तर मलाच तोंड उघडावं लागलं असतं. आई मरत होती आणि मी माझी पाळी चुकवत बसले होते. हे आज म्हातारपणी लिहितानाही हात थांबतो. तासभर बसले. बस आली नाही.

घरी आले तेव्हा काकू आईचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. आईचे डोळे त्यांनी मिटले होते.

“सारखी म्हणत होती, कोणी तरी प्रार्थना करा,” काकू रडत म्हणाल्या. “आता मला तुमचं काहीच नाही येत ना गं. मी आपली सीधी-सीधी बोलले, देवा, ही लई चांगली बाई आहे, हिला घाबरू देऊ नको, हिची पोरगी येतेच आहे. बस, एवढंच. ती आमेन म्हणाली, मग गेली.” त्यांनी डोळे पुसले. “चाललं असेल ना गं तुमच्यात?”

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी फार सुंदर प्रार्थना केली. सगळी मंडळी रडली. मला त्यांचा संताप आला होता, कशाला मरायला बेटम्याला गेले म्हणून. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? माझं काम मी त्यांच्या गळ्यात घालायला गेले होते.

संध्याकाळी कंदील लावला आणि आईच्या जागेसमोर बसले. पाळी ढकलायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. “देवा,” म्हणाले आणि पुढे काही सुचेना. मग काकूंचेच शब्द घेतले, ही चांगली बाई होती, इथून सुरुवात केली. माझी पहिली प्रार्थना अशी शेजारणीकडून शिकलेली आहे.

तेव्हापासून रोज करते. वेडीवाकडी असते, पण माझी असते. कधीकधी मधेच थांबते आणि वाटतं, आईला एवढंच तर ऐकायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि मी बेटम्याच्या बसची वाट बघत बसले.