ह्यात कोण कोण आलं?

आमच्या चिरुटांच्या कारखान्यात हात तंबाखूत आणि कान सेनाइदाकडे, असा रिवाज होता. आम्ही चिरूट वळायचे, तिने उंच खुर्चीवर बसून पेपर, कादंबऱ्या, पुढाऱ्यांची भाषणं मोठ्याने वाचायची. ती खुर्ची तिला आम्ही कामगारांनी मतं देऊन दिली होती. वाचलेलं पटलं तर पान कापायचं पातं टेबलावर ठोकायचं, नाही पटलं तर जमिनीवर टाकायचं. पुढाऱ्याचं भाषण ती दोनदा वाची. एकदा सरळ, आणि दुसऱ्यांदा प्रत्येक 'आम्ही'पाशी अडून विचारी, "ह्यात कोण कोण आलं?"

बासष्ट सालच्या त्या ऑक्टोबरात आमच्या पिनार देल रिओ प्रांताच्या रस्त्यांवरून ताडपत्रीखाली रशियन क्षेपणास्त्रं गेली आणि तिचा एकुलता एक मुलगा एरास्मो तोफेपाशी खंदकात जाऊन बसला. मग अमेरिकेच्या अध्यक्षांचं भाषण आलं. आमच्या क्युबाला जहाजांचा वेढा, आणि त्याचं नाव काय, तर 'क्वारंटाइन'!

"म्हणजे आजारी कोण गं?" कुका ओरडली. ती माझ्या शेजारीच बसे.

"आपणच. देवी आल्यात ना आपल्याला!" सेनाइदा म्हणाली. "नाकेबंदी म्हटलं की युद्ध होतं, क्वारंटाइन म्हटलं की डॉक्टरकी. आणि आपण म्हणे 'बंदिवान जनता'. काय कळवळा आहे बघा!"

पाती धडाधड जमिनीवर पडली. राजधानीतून नवा आलेला व्यवस्थापक फेलिसियानो खूश झाला. आवाज झाला की तो खूशच होई. टेबलावरचा कुठला आणि जमिनीवरचा कुठला, हे त्याला अजून कळलेलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी मॉस्कोने अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र पेपरात आलं. क्षेपणास्त्रं सुटी करून, पेट्यांत भरून परत नेणार. अंगण आमचं, खंदकातली पोरं आमची, आणि आम्हाला हे कळलं कुठून, तर आदल्या दिवशी रेडिओवरून! अजून आठवलं की माझं डोकं सणकतं.

फेलिसियानो तिच्या खुर्चीला खेटून उभा राहिला. "कॉम्रेड, हे मित्राचं पत्र आहे. एकदाच वाचायचं. तुमचे ते प्रश्न नकोत. नाहीतर उद्यापासून खुर्ची सोडा."

सेनाइदाने पत्र सरळ वाचलं. त्याने मान डोलावली. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली.

"'तुम्ही ज्यांना आक्रमक म्हणता ती शस्त्रं.' परवापर्यंत ती आपल्या रक्षणाची होती ना? आज शत्रूचाच शब्द उसना घेतला, आणि लाज झाकायला त्याला 'तुम्ही म्हणता'ची झालर लावली. 'पेट्यांत भरून.' पेट्या आपणही भरतो की! आता सांगा, ह्या पत्रातल्या 'आम्ही'त कोण कोण आलं?"

"कॉम्रेड, पुरे!"

"माझा एरास्मो आता घरी येईल," ती म्हणाली. "देवाचे उपकार. मला कुठे हवं होतं युद्ध? पण पोर माझं पणाला लावलं, आणि डाव मोडताना मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या पोरालाही नाही."

एकदम सगळी पाती खणखणली. फेलिसियानो टाळ्या वाजवायला लागला. "शाबास, कॉम्रेड्स! शाबास!" मग त्याची नजर खाली गेली. टेबलं मोकळी, पाती सगळी जमिनीवर होती.

"उचला ती!"

कोणी वाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेनाइदा पानांच्या शिरा काढणाऱ्या बायकांत बसली होती आणि आमच्या मतांच्या खुर्चीवर फेलिसियानो. त्याने घसा खाकरला, पेपर उलगडला. "आम्ही सर्वजण एकदिलाने..."

"ह्यात कोण कोण आलं?" कुकाने विचारलं.

"हो, कोण कोण आलं?" मी म्हटलं. मग मागची रांग, मग अख्खा कारखाना.

फेलिसियानोने सेनाइदाकडे रागाने पाहिलं. तिने तोंडही उघडलं नव्हतं. ती खाली मान घालून शिरा काढत होती, आणि तिचे खांदे हसण्याने गदगदत होते.