पाळीवरची चूल

नामदेवा,

मी विलायतेला निघालो तेव्हा मूलच्या स्टेशनावर बाबा खिडकीची दांडी धरून उभे होते. "जाशीन तिथी आपली चूल पेटवजो, बाबू. धूर दिसला का माणसाले गाव भेटते," एवढंच म्हणाले. मी ढसाढसा रडलो. तुला वाटलं, गाव सुटतंय म्हणून. नाही रे, लाजेनं रडलो. कशाची लाज, ते आज सांगून टाकतो.

उन्हाळ्यात तलाव आटला की सगळं गाव मिळून मासे धरायचं आणि चुलीमागे एक वाटा, ही आपली रीत. शेत असो नसो, ज्याच्याकडे सकाळी धूर निघाला तो गावचा. वाटे बाबा पाडायचे, पळसाच्या पानांवर. फाळणीनंतरच्या त्या उन्हाळ्यात चुली मोजायचं काम माझ्याकडे होतं. एकोणीस वर्षांचा घोडा होतो मी, अजाण नव्हतो.

तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या आंब्याखाली, सिंधमधून जीव घेऊन पळालेलं कुटुंब उतरलं होतं. नवरा-बायको, दोन पोरी, एक म्हातारी. पापड विकायचे. त्यांची तीन दगडांची चूल पेटली होती, मी या डोळ्यांनी पाहिली. म्हातारी हसून "आओ बेटा" म्हणाली. मी तोंड फिरवलं. आज वाटा खातील, उद्या तलावावर हक्क सांगतील, असं पोट्टे म्हणायचे आणि मलाही ते पटलं होतं.

"पाळीवरची पेटली का रे?" बाबांनी विचारलं.

"नाई पेटली, बाबा."

माझ्या शब्दावर त्यांनी पानं मांडली. पाळीवरची ती बाई टोपली घेऊन शेवटपर्यंत उभी राहिली, मग रिकामी टोपली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आंब्याखाली कुणी नव्हतं. "काऊन गेले असतीन बिचारे?" बाबा हळहळले.

आता इथे हंगेरीतल्या लढाईतून पळालेली माणसं आली आहेत. त्यांना ठेवून घ्यायचं का, म्हणून मीटिंग झाली. "आमच्याच पोरांना घरं नाहीत," एकजण ओरडला. हुबेहूब आपले पोट्टे! एवढा श्रीमंत देश, पण जीव तेवढाच कोता. शेवटी माझी घरमालकीण उठली आणि म्हणाली, माझ्याकडे एक खोली आहे. मग मला विचारते, "तुमची काही हरकत?" मला, नामदेवा! मान वर होईना. येऊ द्या म्हणालो.

ती हंगेरीची बाई सकाळी शेगडी पेटवते आणि न विचारता माझाही चहा ठेवते. तो पिताना त्या म्हातारीचं "आओ बेटा" आठवतं.

तू लिहिलंस, बाबा अजून दर उन्हाळ्यात माझ्या नावाचं पान मांडतात. माझी चूल तिथं नसताना! आपलं घर म्हटलं की मला आता तेच पान आठवतं आणि तोंड लपवावंसं वाटतं. हे पत्र बाबांना वाचून दाखव. काही गाळू नकोस. आणि यंदा माझं पान मांडलंच, तर ते घरी आणू नका म्हणावं. पाळीवर ठेवा, त्या आंब्याखाली.