टेबलाशेजारचं स्टूल

आमच्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीतल्या सिस्टर पूर्णेहून रेल्वेनं येतात. कामापुरतं बोलतात. मी समोरच औषधाच्या खिडकीवर बसते, पण डबा त्या एकट्याच खातात, भिंतीकडं तोंड करून.

मध्यंतरी त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात ट्रेनिंगला गेल्या होत्या. परत आल्या आणि बाळंतपणाच्या टेबलाशेजारी, उशाकडं, एक स्टूल नेऊन ठेवलं.

"तिथं घरची एक बाई आत बसवतेत, हात धरायला. आपण मायला बाहीर ठिवून दार लावायलोत."

डॉक्टर कुरकुरले, गर्दी होईल म्हणाले. स्टूल काही हललं नाही.

आत येणाऱ्या प्रत्येकीला त्या दारातच दरडावतात, "हिची कोण तुमी?" माय, सासू, जाऊ, जी असेल तिला आधी हात धुवायला लावतात. एकदा वीटभट्टीवरची एक पोरगी एकटीच आली. सिस्टरनी बाळंतपण दुसऱ्या सिस्टरवर सोपवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. पोरीची नखं त्यांच्या मनगटात रुतली, तरी त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

परवा कामावरच त्यांना चक्कर आली. सलाईन लावलं. घरी कुणाला कळवू विचारलं, तर कुणी नाही म्हणून नुसती मान हलवली. खिडकी बंद झाल्यावर मी ते स्टूल उचलून त्यांच्या खाटेजवळ आणलं आणि त्यांचा हात धरला. डोळे मिटलेले, ग्लानी होती. तरी सवयीनं दरडावलंच, "हिची कोण तुमी?"



"हात धुऊन आलेय, सिस्टर," एवढंच मी म्हणाले.