मजकूर खरा असल्याची सही

खोकी छापणाऱ्या कारखान्यात तो एकवीस वर्षं शाई कालवत आला. मशीनवरची माणसं त्याला ‘डोळा’ म्हणत. गिऱ्हाईक औषधाच्या जुन्या खोक्याचा तुकडा पाठवी आणि त्यातला निळा हा माणूस काचेवर पातं फिरवून हुबेहूब उतरवी. कागदावर शाईचा पट्टा ओढायचा, तुकड्याशेजारी धरायचा, मान हलवायची. दिवसभराचं बोलणं एवढंच.

दोन वर्षांपूर्वी निळा आणि हिरवा एकमेकांत सरकू लागले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागचा पडदा झिजतोय, याला चष्मा नाही. कारखान्यात त्यानं ब्र काढला नाही. संध्याकाळी पट्टे खिशात घालून तो घरी आणी आणि मुलगी ते खिडकीत धरून बघे.

“हिरवट झालाय, बाबा. थेंबभर लाल टाका.”

सकाळी तो थेंबभर लाल टाकी. मालक गिऱ्हाइकांना सांगत, “आमच्याकडे यंत्र नाही, माणसाचा डोळा आहे.” तो डोळा पंधरा वर्षांचा होता आणि दहावीत शिकत होता.

पुढच्या शिक्षणासाठी दूरची, वसतिगृह असलेली एक शाळा होती. तिथं नुसते गुण चालत नव्हते. निबंध हवा होता: ‘गुणपत्रिकेत दिसत नाही असं स्वतःबद्दल काही.’ मुलीनं वाचनाच्या आवडीवर लिहिलं. वर्गशिक्षिकेनं त्यावर उभी रेघ मारली.

“हे दोनशे पोरी लिहितील गं. तुझं काय आहे ते लिही.”

मग तिनं बाबांच्या पट्ट्यांबद्दल लिहिलं. बाईंनी ते वाचलं. त्यांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही.

अर्जाच्या तळाशी अट होती. कुटुंबाला पाच वर्षं ओळखणाऱ्या, नात्याबाहेरच्या आणि शाळेबाहेरच्या माणसानं निबंध वाचावा, मजकूर खरा असल्याची सही करावी, शिक्का मारावा. मुदत उद्या दुपारपर्यंत.

“शिक्का असलेलं कोण आहे आपल्या ओळखीत?” त्याच्या बायकोनं विचारलं.

“मालक.”

“भाजीवाली ओळखते आपल्याला दहा वर्षं. तिचा अंगठा चालतो का बघा.”

कुणी हसलं नाही.

“बाबा, मी वाचनाचाच पाठवते,” मुलगी म्हणाली.

“बाई काय म्हणाल्या त्याला?”

“म्हणाल्या, तो पाठवायचा तर अर्जच नको करूस.”

“आणि ही गेल्यावर पट्टे कोण बघणार होतं?” बायको म्हणाली. “मी? मला तर तुमचे सगळे निळे सारखेच दिसतात.”

हा प्रश्न तो महिनाभर स्वतःला विचारायचं टाळत होता. शाळा मिळाली तर ती जाणार. नाही मिळाली तर ती अशीच खिडकीत उभी राहणार, कागद उजेडाला धरून, किती वर्षं कोण जाणे.

सकाळी मालकांनी चहा बाजूला सारून दोन्ही पानं वाचली. मग पहिलं पान पुन्हा वाचलं.

“पोरगी छान लिहिते. निबंधात मुलं रचून लिहितात. हेही तसंच ना?”

हो म्हटलं की नोकरी राहत होती आणि सही जात होती. मालकांनी आवाज मऊ ठेवला होता. त्यामुळे जास्तच अवघड झालं.

“नाही, साहेब. खरं आहे.”

“सगळं?”

“मध्ये ती चार दिवस तापानं पडली होती. त्या दिवसांतला माल परत आला होता. तेवढं तिनं लिहिलेलं नाही.”

मालकांनी सही केली. शिक्का नीट उमटेना, म्हणून दोनदा मारला. पानं त्याच्या हातात देऊन त्यांनी फोन उचलला आणि मशीनवाल्याला म्हणाले, “आजपासून शाईच्या काचेवर तू उभा राहा. नाही, तो आलाय. बरा आहे तो. बरा आहे.”

तो दाराशी घुटमळला. अर्ज दुपारच्या आत पोचवायचा होता. त्यासाठी रजा मागायची की आता रजेची गरजच उरली नव्हती, हे त्याला कळेना, आणि मालक फोन ठेवत नव्हते.